फोटो नसलेला मासा

बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा माणूस दर रविवारी गळ घेऊन तलावावर जातो. मासा धरतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. घरी आला की आधी मला फोन दाखवतो. फोटोत त्याने हात ताणून मासा पुढे धरलेला असतो, म्हणजे मोठा दिसावा. मी तोंडावर सांगते, "वीतभर आहे."

"काय मावशी, जरा गौर से बघा!"

काल फोटो नव्हता. "सगळ्यात मोठा आज लागला. ओल्या बोटांनी फोन उघडेना, मासा तडफडायला लागला. सोडून दिला. आता कोण मानणार?"

"केवढा होता?"

त्याने हात छातीशीच ठेवून माप दाखवलं.

मी म्हटलं, "मोठा होता."