महादू गप्प का राहिला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून एरवी माझं काही लपत नाही, दुकानात कोणाशी दोन शब्द जास्त बोललो तरी संध्याकाळपर्यंत तिला कळतं — पण हे लपलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

बोर्ली पंचतनला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. आमच्याकडे शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना असलेल्यांची एक संघटना आहे, तिचा मी चिटणीस. माझ्याकडे स्वतःची बंदूक नाही. धाडसही नाही. अर्ज लिहिता येतात आणि साहेबांपुढे जीभ अडखळत नाही, म्हणून चिटणीस. रानडुकरं एका रात्रीत उभं भात लोळवतात, तेव्हा परवान्यांचं नूतनीकरण वेळेवर व्हावं, ही आमची मागणी. ती खोटी नव्हती. आजही नाही — आणि हे तुम्हाला पटवून देताना मी वेळ काढतोय, हेही मला कळतंय.

हाकारा कसा असतो, ठाऊक आहे? काही माणसं रान घेरतात आणि ओरडत, डबे बडवत डुकराला पुढे काढतात. बंदूकवाला समोर दबा धरून बसतो. ओरडणं नुसतं डुकरासाठी नसतं. कोण कुठे आहे, हे बंदूकवाल्याला त्या आवाजावरूनच कळतं. आवाज नाही तिथे माणूस नाही, इतका साधा हिशेब. लहानपणापासून सगळ्यांना माहीत असलेला.

त्या सकाळी दिघीच्या रस्त्यालगतच्या रानात महादू गोळी लागून गेला. शेतकरी माणूस, माझ्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. बंदूक आमच्याच एका सभासदाची, परवान्याची. बंदूकवाल्याला बाकी सगळ्यांचे आवाज ऐकू येत होते. समोरची जाळी हलली, तिथून आवाज नव्हता. त्यानं गोळी झाडली. जाळीत महादू होता.

मग जे व्हायचं ते झालं. पोलीस आले, पत्रकार आले. तळा गावाहून काही बायका तहसीलदारांकडे निवेदन घेऊन गेल्या — सगळ्या बंदुका जमा करा, परवाने तपासा. आमची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, ‘‘आपण आपल्या हातानं बंदुका ठाण्यात जमा करू. चौकशी होईस्तोवर तोंड उघडायचं न्हाय. माणूस गेलाय.’’ म्हातारा माणूस, पण तेवढंच शहाणं बोलणं त्या दिवशी झालं. ते मी हाणून पाडलं. बंदुका जमा केल्या तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, म्हणालो. लोकांच्या मनात आज जे बसेल ते कायमचं बसेल, म्हणालो. मग पत्रक मीच लिहिलं.

चांगलं लिहिलं होतं. सुरुवातीला दुःख, मग कुटुंबाला धीर, मग ‘ही वेळ वाद घालण्याची नाही’. आणि शेवटी एक वाक्य — मयतानं हाकाऱ्याचा नियम पाळून आवाज दिला असता तर ही दुर्घटना टळली असती. संपलं. बंदूक बाजूला राहिली, आम्ही बाजूला राहिलो. ‘लेकाला ओरडायला काय झालं होतं?’ असं चहाच्या टपरीवर लोक बोलू लागले. बंदूकवाल्यावरचा खटला चालू राहिला, पण परवान्यांचं बोलणं महिन्याभरात थंडावलं. परवा दुसऱ्या तालुक्यात तसंच काही घडलं, तर तिथल्या लोकांनी माझं पत्रक नमुना म्हणून मागून घेतलं. मी पाठवलं.

एवढ्यावर थांबलो, तर तुम्ही म्हणाल, संघटनेसाठी जरा कठोर वागला. इतकंच असतं तर मी सुखानं झोपलो असतो.

महादूला ओरडू नको, असं मी सांगितलं होतं.

आदल्या दिवशी, माझ्याच दुकानात. हाकाऱ्याला माणसं मीच बोलावली होती, पण वन खात्याची परवानगी अजून हातात आली नव्हती. पुढच्या आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांची भेट ठरली होती. बाकीच्यांच्या जागा डोंगराच्या पलीकडे, त्यांचा आवाज रस्त्यावर येत नाही. महादूची जागा रस्त्याला लागून, आणि त्याचा आवाज असा, की खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल. वन खात्याची गाडी त्या रस्त्यानं फिरत असते. भेटीच्या तोंडावर संघटनेचं नाव खराब व्हायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. म्हणालो, ‘‘तू नुसता बसून राहा. तोंडातून आवाज काढू नको.’’ तो हसला. ‘‘बरं भाऊ,’’ म्हणाला. मी बंदूकवाल्याला सांगायला हवं होतं, की खालच्या अंगाला एक माणूस गप्प बसलेला आहे. — विसरलो का? की सांगितलं तर तो हाकाराच रद्द करील, असं वाटलं? खरंच सांगता येत नाही. दोन्ही उत्तरं मी इतक्या वेळा स्वतःला दिली आहेत.

दुकानात तेव्हा तिसरं कोणी नव्हतं.

पत्रक छापून आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. संघटनेतर्फे, म्हणजे जाणं भागच होतं. सुगंधा, त्याची बायको, ओटीवर बसली होती. शेजारणीनं तिला बातमी वाचून दाखवली होती. वाटलं, आता विचारेल — तुम्हीच बोलावलंत ना त्यांना, तुम्हीच काय ते सांगितलंत ना?

तिनं तसलं काही विचारलं नाही. ‘‘भाऊ, त्यांचा आवाज तुमाला ठावा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मग गप का बसले वो?’’

मी ओटीच्या कडेला टेकलो. तेव्हा तिनंच उत्तर दिलं. ‘‘सकाळी आमचं वाजलं व्हतं. भाकरी न घेताच गेले. रागावले की असंच, तोंड उघडायचे न्हाईत. माझ्यावरच्या रागापायीच गप बसले असतील, न्हाय?’’

एका वाक्याचं काम होतं. शेजारीण आत गेली होती, अंगणात कोणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी नाही म्हणावं असं तिला किती वाटत होतं, ते मला दिसत होतं.

‘‘असेल,’’ मी म्हणालो.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो प्यालो. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दर पावसाळ्याआधी ती भाताचं बियाणं घ्यायला माझ्या दुकानात येते, आणि अजूनही असंच समजते, की नवरा तिच्यावर रागावून गेला.