दिव्याचा मान

तिला सगळे रफूवाली म्हणत. लाँड्रीत काचेलगत बसून ती लोकांच्या कोटांची, शालींची भोकं बुजवायची. पण त्याआधी रोज पहाटे गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघरात जायची. झाडून काढायची, दिवा लावायची, प्रार्थना म्हणायची. आई आजारी असताना एकदा तिचा डोळा लागला, पहाट चुकली, आणि त्याच दिवशी आई गेली. तेव्हापासून खाडा नाही. एखादा शब्द चुकल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून. निघाल्यावरही दिवा विझला तर नसेल ना, म्हणून अर्ध्या वाटेवरून परत.

तिचा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा आणि प्यायचा. आईच्या आजारपणात तो घराकडे फिरकलाही नव्हता. एके दिवशी त्याचा ट्रक पुलाचा कठडा तोडून खाली गेला आणि हा पठ्ठ्या नुसत्या खरचटण्यावर सुटला. दारू सुटली. प्रार्थनाघरात मागच्या बाकावर बसून रडू लागला. गुरुजींनी त्याला जवळ केलं, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की वर्षाच्या मोठ्या प्रार्थनेचा दिवा यंदा हाच लावेल.

रफूवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक गुरुजींकडे गेली.

"इतकी वर्षं मी झाडतेय. मला एकदाही विचारलं नाहीत."

गुरुजी म्हणाले, "तुला कधी आनंदाने आलेलं पाहिलंच नाही, बाई. वाटायचं, हिच्यावर आणखी ओझं कशाला?"

दुसऱ्या पहाटे ती गेली नाही. गेली नाही म्हणजे अंथरुणात छताकडे बघत पडून राहिली. दुकानात एका कोटाचं रफू तिने दोनदा उसवलं. बाहेर रुग्णवाहिका वाजली तशी तिने सुई खाली ठेवली. तिने भावाला फोन लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. कोट तसाच टाकून ती त्याच्या घरी धावली. भावजय म्हणाली, आज प्रार्थनाघरात दिवाच लागला नाही असं कळलं तसे फोन घरीच विसरून सकाळीच तिकडे गेलेत, तुम्हाला बरं नसेल असं म्हणत होते.

तो तिथे धुळीचे लोट उडवत झाडत होता, आणि बेसूर आवाजात प्रार्थना गुणगुणत होता.

"शब्द चुकला. पहिल्यापासून म्हण," ती दारातूनच म्हणाली.

"असू दे गं ताई. देवाला कळलं असेल."

ती बाकावर बसली. "आईच्या वेळी मी झोपले होते रे."

त्याने झाडू खाली ठेवला. "तू निदान तिच्या उशाशी झोपली होतीस."

मोठा दिवा त्यानेच लावला. ती मागे बसून बघत होती. आत जळत होतंच, खोटं कशाला बोला. पण नंतर त्याने झाडण्याचे दिवस वाटून मागितले आणि ती नाही म्हणाली नाही. त्याच्या पाळीच्या दिवशीही तिला पहाटेच जाग येते, छातीत धडधडतं. एकदा मात्र डोळे उघडले तेव्हा भिंतीवर ऊन आलं होतं. ती दचकून उठली आणि कुठे काही झालं तर नाही ना, हे बघायला खिडकीशी गेली.