मातेच्या बोकडाचा पाय

बैलाचा पाय मोडला की अख्खं गाव हाय खायचं. चार माणसं धावायची, गाडी जुंपायची, चामोर्शीच्या वाटेनं ढोरांच्या दवाखान्यात न्यायची. बकरीचा पाय मोडला की लोक आधी सुरी शोधायचे आणि मग मसाला. अन् घरात कोणी हळव्या मनाचं असलंच, तर तिसरी वाट होती. ती ढिवरमोहल्ल्यात मनकर्णाबाईच्या दारात संपायची.

वैनगंगेच्या काठचं गाव, मार्कंड्याच्या यात्रेला डोंग्यानं जाता येईल इतकं जवळ. साल त्रेपन्न असेल नाहीतर चौपन्न. तेव्हाची सालं कोणी लक्षात ठेवत नव्हतं, पूर आणि रोगराई तेवढी ध्यानात ठेवायचे. मनकर्णाबाईचा नवरा मुखरू नदीवर जाळं टाकायचा. ती बाजारात मासे विकायची आणि राहिलेल्या वेळात बकऱ्या, कुत्री, कोंबड्या, असल्या लहान जिवांची मोडलेली हाडं बांधायची. विद्या बापाची. बैलाला ती हात लावत नसे. म्हणायची, "बैल बिघडला तं मालक मले गावात राहू देईन का?"

हाड बघताना ती डोळे मिटायची. डोळ्यांना सूज दिसते, हाड दिसत नाही, असं तिचं म्हणणं. बोटांनी चाचपत चाचपत मोडलेली टोकं शोधायची, कोणीतरी जनावर धरायचं, आणि ती पाय ओढून टोकाला टोक लावायची. जनावर किंचाळायचं. तिच्या कपाळावर आठी उमटायची, तोंडानं "झालं रे बापू, झालं" चालू असायचं, आणि बांधून झालं की तिलाच दरदरून घाम फुटलेला असायचा. हे सगळं आधीचं सांगतोय मी. मग त्या चैत्रात मोहल्ल्यात माता निघाली.

माता म्हणजे देवीचे फोड. आज लेकरांना माहीत नाही, आणि नसो बाप्पा, तेच बरं. मनकर्णाबाईच्या एकुलत्या एक पोराच्या, इसरूच्या अंगावर सुईला जागा राहिली नाही. शेजारच्या कुंताचा कोलू, नुकता चालायला लागलेला, तोही त्याच दिवसांत पडला. दोन्ही दारांना कडुनिंबाचे डहाळे लागले. कुंतानं नवस बोलला, बळीसाठी एक काळा बोकड हळद लावून मातामायच्या पाराशी दाखवून आणला. इसरू एका पहाटे गेला.

मनकर्णाबाईनं तोंड उघडलं, आणि आवाज फुटायच्या आत म्हाताऱ्या गुणाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मोहल्ल्यातल्या रीतीभाती या गुणाबाईच्या जिभेवर. ती म्हणाली, "रडू नको बाई. माता पाहुनी हाये. रडलं का ते रुसते, अन् रुसली का शेजारचं लेकरू नेते. तिले वाटेले लागू दे, नवसाचा बोकड पडू दे, मंग रड पोटभर."

आणि कुंता तर सरळ पायावर पडली. "बाई, तुमच्या पाया पडतो. माह्या कोलूसाठी."

पोटचं पोर समोर निपचित पडलेलं, आणि दुसरीचं पोर वाचावं म्हणून गप्प बसायचं. मनकर्णाबाईनं लुगड्याचा पदर तोंडात कोंबला आणि तो हुंदका गिळला. गिळला तो गिळलाच. मुखरू रोज डोंगा नदीच्या मधात न्यायचा आणि तिथे रडून यायचा. पाण्यावर मातेचा कान पोचत नाही, असं त्यानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. बाईमाणसाला अशी सोय कुठली?

कोलूच्या खपल्या पडल्या. पोरगं हसायला लागलं. बोकड मात्र आखाडात पडायचा होता, गावाची पूजा तेव्हाच असते. तोवर माता मोहल्ल्यातच मुक्कामाला.

त्या दोन-तीन महिन्यांत मनकर्णाबाईचं काय झालं ते तिलाही कळलं नाही. भाजीत मीठ नसायचं आणि तिला चव समजायची नाही. चुलीचा चटका बसला तर फोड आल्यावर ध्यानात यायचं. मासे विकताना लोक भाव पाडायचे, ती देऊन टाकायची. बाया म्हणायच्या, दगड झाली बिचारी. लोक बकऱ्या आणत होते, ती बांधत होती, पण "झालं रे बापू" बंद. जनावर किंचाळलं तर किंचाळलं. हात आपले काम करायचे आणि ती जणू बाजूला बसलेली असायची.

जेठाच्या सुरुवातीला एका दुपारी कुंता धापा टाकत आली. खांद्यावर काळा बोकड, मागचा डावा पाय लोंबकळतोय.

"बाई! दावं तोडून तलावाच्या पाळीवरून उडी मारली मेल्यानं. दोन दगडाच्या मधात पाय अडकला."

मनकर्णाबाईनं बोकडाकडे पाहिलं. कपाळावरची हळद फिकी पडली होती, पण होती. तिनं ओळखलं.

गुणाबाई मागोमाग हजर. कुठे काही बिनसलं की ती आधी पोचायची. म्हणाली, "लंगडं जनावर मातेले चालत नाई."

"दुसरा घेऊ ना वो," कुंता रडकुंडीला आली.

"दुसरा कसा? हाच दाखवला ना तिले? बदलता येत नाई. आखाडीपावतर चालला तं ठीक, नाई तं आता पुढच्या साली. तोवर माता इथीच."

पुढच्या साली! कुंतानं कोलूला असं घट्ट धरलं की ते पोरगं भोकाड पसरायला लागलं. मनकर्णाबाई मात्र मनाशी हिशोब लावत होती. म्हणजे आणखी एक वर्ष रडायचं नाही. तिला रडू येत होतं अशातला भाग नाही. आतून सगळं कोरडं ठाक होतं. पण आपल्या पोरासाठी रडायची मोकळीक तरी पाहिजे की नाही माणसाला? ती मोकळीक आता या बोकडाच्या पायावर येऊन ठेपली होती.

"ठेव खाली," ती म्हणाली. "धर मुंडकं."

डोळे मिटून तिनं पाय चाचपला. नळी मधोमध मोडलेली, पण कातडी फाटली नव्हती, हे नशीब. तिनं ओढून टोकं जुळवली. वर कापसाचा थर दिला, कारण कातडीवर कामटी घासली की आत किडे पडतात. मग बांबूच्या चार कामट्या अशा लावल्या की वरचा आणि खालचा दोन्ही सांधे जखडले जावेत. त्यावर उडदाचं पीठ आणि अंड्यातलं पांढरं एकत्र फेटून लिंपलं आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. वाळल्यावर ते टणक झालं. पोत्याला चार भोकं पाडून बोकडाला आढ्याला टांगलं, म्हणजे पायावर भार नको. हे सगळं होईस्तोवर तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"इथीच राहू दे त्याले," ती कुंताला म्हणाली. "तुह्या घरी पोराच्या नादानं नाचन तो."

बोकड राहिला. ती त्याला बोरीचा पाला आणायची, हाडसांधीच्या वेलाचे तुकडे ठेचून गुळात चारायची. दिवसातून कितीदा तरी खूर हातात धरून पाहायची. खूर गार लागला तर पट्टी आवळली गेली असं समजायचं आणि चिंधी ढिली करायची. बोकड तिला चाटायचा. ती चाटू द्यायची. जीव लागला वगैरे काही नाही, उगाच कशाला खोटं सांगू?

दुसऱ्यांदा पट्टी सोडली ती एका टळटळीत दुपारी. हाड धरायला लागलं होतं, पण अजून कच्चं होतं, ओल्या फांदीसारखं वळेल असं. बोटाखाली तिला तो कच्चा सांधा लागला. तेवढ्यात कुडापलीकडून कोलूचं हसणं आलं. खदखदून हसत होतं पोरगं, आणि कुंता त्याच्याशी लाडानं बोलत होती.

मनकर्णाबाईचा अंगठा सांध्यावर थांबला.

नुसता अंगठा दाबला असता तर पाय वाकडा जुळला असता. बोकड जन्माचा लंगडा. माता कुंताच्या उरावर वर्षभर बसली असती, आणि कुंताला रोज पहाटे उठून पोराच्या अंगावर हात फिरवून पाहावं लागलं असतं. पाहू दे की! माझं नेलं, तिचं ठेवलं, हा कुठला न्याय? हे तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे होतं.

बोकड मान वळवून तिच्याकडे बघत होता. मग तिनं कापूस उचलला, कामट्या उचलल्या आणि पाय सरळ बांधून टाकला. दया आली म्हणाल, तर नाही. मातेची भीती वाटली म्हणाल, तर तीही नाही. वाकडा बांधलेला पाय सोडताना आपल्यालाच बघावा लागेल, एवढंच तिला वाटलं, आणि तेही विझल्यासारखं वाटलं. मग पुन्हा सगळं बधिर.

आखाड लागला. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले. तिनं पोतं सोडलं, पट्टी उकलली. बोकड दोन दिवस पाय टेकायला भ्याला, तिसऱ्या दिवशी टेकला, आणि आठवड्याभरात कुडावर पाय देऊन शेजारच्या दोडक्याच्या वेलाला तोंड लावायला लागला. कुंता न्यायला आली तेव्हा तिनं मनकर्णाबाईचा हात आपल्या कपाळाला लावला. बोकड तिच्यामागून गेला, चारही पाय नीट टेकत.

मंगळवारी पूजा झाली. पुजाऱ्यानं बोकड पाराभोवती फिरवला, चढावर चालवला, उतारावर चालवला. गुणाबाई वाकून-वाकून पाहत होती.

"कोनता पाय मोडला होता गा?" पुजारी म्हणाला.

आणि बोकड पडला. माता वाटेला लागली, गावाच्या शिवेबाहेर पाठवणी झाली, डफडं वाजलं.

मग बाया मनकर्णाबाईच्या अंगणात आल्या. गुणाबाई पुढे, बाकीच्या मागे. गुणाबाईनं तिला जवळ घेतलं, डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. म्हणाली, "आता रड, बाई. आता कोनी नाई म्हनत."

मनकर्णाबाई खांद्यावर डोकं ठेवून राहिली. बाया पदर डोळ्याला लावून वाट पाहत होत्या. एक-दोघींनी सूरही धरला. पण हिच्या डोळ्यात टिपूस नाही. तिनं आठवून पाहिलं. इसरूचं तोंड आठवलं, तेही लांबून, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. याचसाठी तर महिनाभर त्या बोकडाचा खूर हातात धरून बसली होती ना? आता मोकळीक मिळाली, अन् रडणंच येईना.

"येत नाई वो मावशी," ती शेवटी म्हणाली.

बाया थोड्या वेळानं उठल्या. घरोघरी स्वयंपाक खोळंबला होता. जाताना कोणीतरी हळूच म्हणालं, "आटली वो ते."

सांज व्हायच्या आधी कुंता आली. हातात पळसाच्या पानांचा मोठा पुडा. नवसाच्या जनावराला ज्यानं हात दिला त्याला वाटा द्यायचा, हे तिच्या माहेरचं वळण. "बाई, हे तुमचं," एवढंच म्हणाली आणि पुडा ओट्यावर ठेवून गेली. मुखरू अजून नदीवरच होता.

मनकर्णाबाईनं पुडा सोडला. मागचा पाय होता. डावा.

तिनं विळी घेतली. खायला काहीतरी लागणारच, आणि मांस म्हणजे मांस. नळीवरचं मांस ती सोडवत गेली आणि मधोमध विळी अडली. तिनं पाण्यानं हाड धुतलं, बोटानं पुसलं, दाराच्या उजेडात धरलं.

इतकी वर्षं ती हाडं बांधत आली होती, डोळे मिटून, कातडीवरून. आपण बांधलेलं हाड आतून तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बरं झालेलं जनावर कोण हिच्यापुढे कापून दाखवणार? आणि आता ते हातात होतं. मोडलं तिथे चहूबाजूंनी नवं हाड चढलेलं, खरबरीत, पण नळी वरपासून खालपर्यंत सरळ. टोकाला टोक लागलेलं. म्हणजे आत हे असं होत असतं! तिनं हाड फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं, आणि तिच्या तोंडून आपोआप हाक गेली:

"अरे इसरू! धाव, लवकर ये, पाह्य तं हे कसं जुळलं!"

आणि ती दाराकडे बघत राहिली, तो यायची वाट बघत.

मग कळलं.

तो आवाज कुठून निघाला ते सांगता येणार नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातली कुत्री भुंकायला लागली. ती ओट्यावर कोसळली होती, हाड मुठीत, आणि "माह्या इसरू रे, माह्या बापू रे" एवढंच पुन्हा पुन्हा. कुंता कोलूला कडेवर घेऊन धावत आली. "रडू नका बाई" हे तिच्या ओठांवर आलंच होतं, सवयच लागली होती ना. तिनं ते तसंच ठेवलं, कोलूला खाली सोडलं आणि मनकर्णाबाईला मिठीत घेऊन तीही रडायला लागली.