उणे चाळीस

बायको गेल्यावर तिची गाडी दारात नुसती उभी होती. पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलीनं फोनवर अट घातली: इंजिनाचा पिवळा दिवा रविवारपर्यंत विझला तर गाडी ठेवा, नाहीतर सिंदी मेघेचं गिऱ्हाईक येऊन नेईल. गाडी गेली तर दार उघडल्यावर समोर नुसती भिंत दिसली असती. मला ते नको होतं.

जन्मभर पुस्तकं वाचलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. मेकॅनिककडे न जाता बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली लावलं की फोनवर सगळं दिसतं. कोड आला तो इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. छापील शब्दावर माझा फार विश्वास. नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, दिवा विझला. संध्याकाळी पुन्हा लागला. यंत्राच्या मते हवा उणे चाळीस होती. वर्ध्यात मे महिना चालू होता आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता.

आंजीहून मेहुणी आली होती. तिनं फोनमध्ये डोकावून शांतपणे विचारलं, "भाऊजी, बर्फ कुठं पडून राह्यला? स्वेटर आणू का?"

पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, दोष वायरचाही असू शकतो. सॉकेट काढून त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली. वायर शाबूत असती तर आकडा एकदम वर चढला असता. तो हलला नाही. मग दोघांनी वायर चाचपत नेली. बॅटरीमागे ती कुरतडलेली होती आणि शेजारी पोळी-गुळाचा वाळका तुकडा पडला होता.

तेरवीनंतर रोज बायकोच्या नावाचा घास मी गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवत होतो. लोक तो कावळ्यासाठी गच्चीवर ठेवतात, पण ती रमायची गाडीत. सकाळी घास नसायचा. चारचौघांत अंधश्रद्धेवर बोलणारा मी, ती नेते असं मनाशी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मी उंदीर पोसत होतो, तेही तूप लावून.

मेहुणीला हे सांगितलं तेव्हा ती हसेल असं वाटलं. ती म्हणाली, "घास बंद नका करू, भाऊजी. भिंतीवर ठेवत जा. तिले गाडी चालू पाह्यजे."

वायर जोडून टेप गुंडाळली, कोड पुसला. आकडा बेचाळीसवर आला आणि दिवा परत लागला नाही. मुलीला फोटो पाठवला. तिनं एवढंच विचारलं, "चालवणार कोण?"

पिपरी मेघेपर्यंत स्वतः गाडी चालवत जाऊन आल्यावरच उत्तर लिहिलं. बहुतेक रस्ता पहिल्या गिअरमध्ये गेला. मागे हॉर्न वाजत होते आणि मेहुणी खिडकीतून हात काढून एकेकाला पुढे जायला सांगत होती.