अकोल्याचा रेडिओ, अमरावतीची नौका

समुद्र आमच्या वऱ्हाडात कुणाच्या स्वप्नातही फारसा येत नाही. तरी आमच्या नौकाविहार मंडळातले किस्से ढिगातल्या संत्र्यांसारखे साचत जातात. वेळीच वाटले नाहीत तर आंबतात.

मंडळात नौका दोनच. एक अमरावतीची, म्हणजे माझी. दुसरी अकोल्याच्या रशीदभाईंची. कौंडण्यपूरच्या यात्रेत वर्धा नदीच्या पात्रातल्या बंदोबस्ताला दोन्ही जातात. अग्रभागी कोणती, हे चाचणी घेऊन अधिकारी ठरवतात. इतकी वर्षे तो मान माझा होता.

यंदा रशीदभाईंनी नौकेवर सागरी रेडिओ बसवला!

*

रेडिओ त्यांनी नौकेचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या नकाशाच्या पडद्याला जोडला होता. संकटात लाल बटण दाबताच नौकेचे ठिकाण आपोआप प्रक्षेपित!

"नदीत ऐकणार कोण?" मी विचारले.

"तुमीच गुरुजी! म्हणून त सांगून राहिलो, तुमी बी घ्या. पन आधी आपला पडदा पाहा, मंग त्याले जुळन असा रेडिओ."

सल्ला अचूक होता. म्हणूनच मी तो पाळला नाही.

*

मी त्यांच्याहून महागडा संच घेतला. निवडीचा निकष एकच: तो रशीदभाईंपाशी नसावा!

नौकेवरचे माझे सोबती शंकरराव वरुडचे बागाईतदार. दोन तारांची टोके हातात धरून ते म्हणाले, "गुरुजी, हा बी नवरदेव अन् तो बी नवरदेव. लगन कसं लावू?"

*

मधला जोड मागवला. तारा जुळल्या, यंत्रे जुळली नाहीत. पडदा जुन्या पद्धतीचा, संच नवा.

"रशीदभाईले विचारू काय?" शंकरराव म्हणाले.

"त्यापेक्षा मी पोहत बंदोबस्त करीन!"

*

मात्र एका दुपारी, काठावर कुणी नाही असे पाहून, रशीदभाईंच्या नौकेवरील ताडपत्रीत मी डोके घातले. त्यांची जोडणी इतकी नेटकी होती की मत्सराने मी एकेक तार मोजू लागलो.

तेवढ्यात मागून रशीदभाईंचा अत्यंत अदबशीर आवाज आला, "गुरुजी, टॉर्च आनू काय?"

*

चाचणीच्या आदल्या दिवशी मला पुस्तिकेत उपाय सापडला. संचात ठिकाण हातानेही भरता येते! घरीच, जेवणाच्या मेजावर, मी अक्षांश-रेखांश काटेकोरपणे भरले. आकडे झळकले. शंकररावांनी टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी रशीदभाईंच्या नौकेत बसले. आम्ही वळणापलीकडे जाऊन हाक द्यायची, त्यांनी आम्हांला शोधायचे. वळण घेताच आमचे इंजिन जलपर्णीत अडकून खरोखरच बंद पडले. मी साभिमान लाल बटण दाबले.

"गुरुजी, ठिकान भेटलं!" रेडिओवर रशीदभाई.

"मग या लवकर!"

मग त्यांचा आवाज आला, अगदी हळुवार.

"साहेब पडदा पाहून म्हनून राहिले, तिकडं जायची काही गरज नाही. गुरुजी त अमरावतीत आपल्या घरी बसले आहेत. त्याइले आराम करू द्या, यात्रेत पुढं तू जाय!"