बंदचा बुधवार

आक्का बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एकदा सगळ्या लाइनी एकदम मेल्या, तेव्हा हेडफोनमधली ती पोकळ शांतता त्यांनी ऐकली होती. ती पुन्हा येणार, आणि या वेळी सगळंच बंद करून जाणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

जिवाला घोर होता तो धाकट्या बहिणीचा. पुलापलीकडे, सातव्या मजल्यावर, एकटी, पायांनी अधू. म्हणून दर बुधवारी आक्का घरातला मेन स्विच पाडत, मोबाइल कपाटात कोंडत आणि पिशवीत मेणबत्त्या, काडेपेटी, धाकटीच्या गोळ्या घेऊन चालत निघत. जिने चढून तीनदा दार वाजवायचं, "नंबर?" विचारायचं. धाकटीने माहेरच्या जुन्या फोनचा नंबर सांगायचा, मगच कडी काढायची. घरी परतल्यावर एक फोन: पोचले. तालीम संपली.

"जग बंद पडायची तारीख कळली तर सांगा हं," सून म्हणे. "त्या दिवशी मशीनमध्ये कपडे घालणार नाही."

त्या बुधवारीही नऊला स्विच पडला. रस्ता गप्प होता. आक्कांना बरंच वाटलं. पुलावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या, माणसं शेजारी उभी राहून हातातल्या फोनकडे बघत होती. हॉर्न एकही नाही. पुढे काही अडलं असेल, असं म्हणत आक्का पावलं मोजत राहिल्या.

चौथ्या मजल्यावर दोघे जण लिफ्टच्या दारात पहार घालून जोर लावत होते. आतून कोणीतरी वाजवत होतं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा.

आक्का पायरीवरच थांबल्या. स्विच त्यांनी आपल्या घरचा पाडला होता. लिफ्ट त्यांनी बंद केली नव्हती.

उरलेले जिने आक्का कठड्याला धरून चढल्या. दार वाजवलं. "नंबर?"

"तीन-एक-सात." कडी निघाली. "उशीर झाला, ऑपरेटरबाई. इथेही वीज नाही सकाळपासून. म्हटलं, आता माझ्या घरचीही तालीम घेतेस की काय. बस जरा, मग नीघ. पोचलीस की फोन कर."

आक्कांनी कोपऱ्यातला फोन उचलून कानाला लावला. तीच पोकळ शांतता.

घरी मुलगा होता, सून होती. त्यांना धड पाय होते. आक्कांनी दाराबाहेरच्या चपला उचलून आत घेतल्या, भिंतीशी लावल्या.

"राहतेस?"

"राहते," म्हणत त्यांनी कडी लावली.

खाली लिफ्टमधलं वाजणं थांबलं होतं.