टाकीला लावलेलं कुलूप

लातूर जिल्हा झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी बिलोलीहून बदली मागून तिथं गेलो. नव्या कचेरीला माणसं हवी होती आणि मला मुलीसाठी बरी शाळा हवी होती. बायको दवाखान्यात परिचारिका होती, मुलगी आठ वर्षांची. गावाबाहेरच्या एका वसाहतीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही राहू लागलो.

कचेरीत मला टंचाईचं टेबल मिळालं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. गावोगावचे अर्ज यायचे. विहीर आटली, बोअर कोरडा पडला, टँकर द्या. मी अर्ज वाचून टिपणी लिहायचो आणि साहेबांकडे पाठवायचो. एकही अर्ज मी उद्यावर ठेवला नाही.

घरी मात्र मी वेगळा माणूस होतो. वसाहतीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. अंगणात सिमेंटची लहानशी टाकी होती, तिला पत्र्याचं झाकण. एकदा पाणी जरा जास्तच उतरल्यासारखं वाटलं, तेव्हा मी झाकणाला कडी बसवून घेतली आणि कुलूप घातलं. मुलीला बजावलं, "आम्ही घरी नसताना टाकीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. कुणी पाणी मागितलं तर सरळ नाही म्हणायचं."

भांडी घासायला एक मावशी यायच्या. निलंग्याकडच्या कुठल्याशा गावाहून जगायला आलेल्या, रेल्वे रुळापलीकडे झोपडी टाकून राहिलेल्या. त्या राखेनं भांडी घासून दोन तांब्यांत विसळायच्या. इतकं कमी पाणी वापरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मे महिन्यातली गोष्ट. मुलीला सुट्टी होती, बायको कामावर. मी दुपारी जेवायला घरी आलो आणि फाटकातच थबकलो. मावशींनी भांडी आटोपली होती. त्यासाठी मुलीनं कुलूप काढून दिलेली टाकी अजून उघडीच होती आणि त्यांनी आपली कळशी भरून काठावर ठेवली होती. समोर माझी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आमचं पाणी आहे ते. टाकीला हात लावू नको!"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. कळशी उचलून त्यांनी पाणी परत टाकीत ओतलं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत ती उपडी धरली. मग माझ्या शेजारून, खाली मान घालून, त्या निघून गेल्या. मी "मावशी, थांबा" एवढंसुद्धा म्हणालो नाही. खरं सांगायचं तर पाणी टाकीत पडल्याचा आवाज ऐकून मला क्षणभर बरंच वाटलं होतं.

मग मुलीचे शब्द माझ्या डोक्यात शिरले. हात लावू नको. हे शब्द मी बिलोली तालुक्यातल्या माझ्या गावात ऐकत वाढलो होतो. आमच्या वस्तीनं धर्म बदलला, पण विहीर काही बदलली नव्हती. आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून चार हात लांब बसायची. कुणाला दया आली तर ती बाई वरून पाणी ओतायची, तेही घागरीला घागर लागू न देता. त्या आईचा मुलगा मी. माझ्या मुलीला पंचशील तोंडपाठ होतं.

मी तिच्यावर ओरडलो. "मोठ्या माणसाशी असं बोलतात?"

ती गोंधळली. तिला वाटलं होतं मी शाबासकी देईन. रडवेल्या आवाजात म्हणाली, "पण पप्पा, तुम्हीच तर सांगितलं होतं."

बायको आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कळशीभर पाणी मीच न्यायला सांगितलं होतं त्यांना. तुम्ही चिडाल म्हणून बोलले नव्हते." आपली बायको आपल्याला घाबरून कुणाला पाणी देते, हेही मला त्याच दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. रविवारी सकाळी मी कळशी भरून खांद्यावर घेतली आणि मुलीला म्हणालो, "चल, मावशीकडे जायचंय." वाटेत तिला माझ्या आईची आणि विहिरीची गोष्ट सांगितली. तोवर कधीच सांगितली नव्हती. पोरीला कशाला ते, असं म्हणत आलो होतो.

ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग कुणीच आलं नाही तर आजी काय करायची?"

"बसून राहायची."

"ऊन असलं तरी?"

"हो."

ती रूळ ओलांडेपर्यंत माझं बोट तेवढं घट्ट धरून चालली.

मावशी झोपडीच्या सावलीत गोधडी शिवत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या. "उन्हाचं कशाला आलाव सायेब? बसा." आत जाऊन त्यांनी माठ तिरपा केला, तळाचं पाणी काढलं आणि पेला मुलीपुढे धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "पिऊ का?"

"पी की गं," मावशी म्हणाल्या. "पान्याला कुनी न्हाई म्हनतं व्हय?"

हा टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा साधाच होता. मुलीनं पाणी प्यायलं, पेला दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाली, "मावशी, मी चुकले."

"तू ल्हान हायस. तुला काय ठावं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सायेब, तुमी तवा दारातच हुताव न्हवं?"

"होतो."

"मंग म्या म्हनलं, घरचीच रीत हाय."

इतक्या वर्षांत मला कुणी याहून जड बोललेलं नाही. "चूक माझी आहे, मावशी. मुलीची नाही," मी म्हणालो. "उद्यापासून परत या. रोज पाणी घेऊन जा."

त्यांनी मान हलवली. "राग न्हाई माजा. पर आता मन व्हईना झालंय."

आम्ही आणलेलं पाणी मात्र त्यांनी घेतलं. माठात ओतलं, कळशी पदरानं पुसली आणि मुलीच्या हातात दिली.

परतताना मुलीनं विचारलं, "मावशीनं माफ केलं का आपल्याला?"

"तुला केलं असेल," मी म्हणालो. "माझं माहीत नाही."

त्याच दिवशी टाकीचं कुलूप काढलं. दुष्काळ काही त्यानं हटला नाही. पाणी देणं सोपं नसतं, हे आम्हाला रोज नव्यानं कळत होतं. रुळापलीकडच्या दोघी-तिघी कळश्या घेऊन यायच्या. कधी आमचंच पाणी चौथ्या दिवसाआधी संपायचं. एकदा डोकं धुवायला पाणी उरलं नाही म्हणून मुलगी पाय आपटून रडली. मीही मनातून कुरकुरलोच. पण दारात आलेलीला रिकाम्या कळशीनं परत पाठवायचं नाही, एवढं आम्ही तिघांनी धरून ठेवलं. मुलांना जाणीव शिकवावी म्हणतात. मला तर आधी माझीच पाटी पुसावी लागली.

पुढच्या मृगात पाऊस झाला. शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी मुलगीच म्हणाली, मावशीकडे जाऊ. बायकोनं शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. आम्ही गेलो तर झोपडीच्या जागी चार खड्डे आणि चुलीचे दगड होते. शेजारची बाई म्हणाली, "गेली की गावाकड, पेरनीला."

"कुठलं गाव?" मुलीनं विचारलं.

शेजारणीला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. वर्षभर त्या आमच्या घरी येत होत्या, पण आमच्यापैकी कुणी त्यांच्या गावाचं नाव विचारलं नव्हतं.

मुलगी तिथंच चुलीच्या दगडावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मावशी कुठेही असल्या तरी सुखात असतील, असं काहीतरी सांगून तिला उगी करता आलं असतं. मी तसं केलं नाही. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन, तिचं रडणं संपेपर्यंत, मी शेजारी बसून राहिलो.